मामा तलाव खोल करण्याआधी

पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलावांची अंदाजपत्रकं तयार करणारे अभियंते, ती मंजूर करणारे अधिकारी आणि त्या कामांचे ठराव घेणाऱ्या ग्रामपंचायती यांना,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी उन्हाळा तोंडावर आला की तलाव खोलीकरणाची कामं निघतात. जेसीबी उतरतात, ट्रॉल्यांची रांग लागते, आणि गावाला वाटतं की आता आपल्या तलावाचे दिवस पालटले. मी गोंदिया जिल्ह्यातला धान पिकवणारा शेतकरी आहे. माझं शेत तलावाच्या नहरीवर (कालव्यावर) आहे, म्हणजे तलाव भरला तर माझं घर चालतं. तेव्हा हे पत्र तलावाची कामं थांबवावीत म्हणून लिहिलेलं नाही. ती कुठे करावीत, किती करावीत आणि त्याआधी काय पाहावं, एवढ्यासाठी लिहिलं आहे.

आमच्या तलावाचा आकार आधी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या आकारावर उभं आहे. एका बाजूला मातीची पाळ आहे, किंचित वाकलेली, दोन टेकड्यांच्या मधली खिंड अडवणारी. पाळीजवळ पाणी सर्वांत खोल. तिथून मागे सरकत गेलं की तळ हळूहळू वर चढतो, इतका हळू की भरल्या तलावातही माणूस कितीतरी लांबपर्यंत कमरेभर पाण्यातून चालत जातो. ईशान्येकडून जंगलातला नाला येतो. तो जिथे तलावात शिरतो तिथे टेकडीचं एक टोक पुढे आल्यामुळे पाण्याचा एक वळसेदार कोपरा तयार झाला आहे. समुद्रकाठी असता तर त्याला कोणीही खाडीच म्हटलं असतं. वारा तिथे लागत नाही, लाटा पोचत नाहीत, पाणी गुडघ्याएवढं आणि तळाशी मऊ चिखल. कागदावर हाच भाग ‘गाळाने भरलेलं क्षेत्र’ ठरतो आणि मशीन पहिल्यांदा तिथेच उतरते.

हा कोपरा काय काम करतो, ते पाळीवर उभं राहून दिसत नाही. त्यासाठी पाऊस सुरू झाल्यावर आषाढात तिथे जावं लागतं. मरळ मासा अंडी घालायला अशीच जागा धरतो. पाणवनस्पतींच्या गर्दीत तो हातभर रुंदीची गोल जागा मोकळी करतो. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आई-बाप खाली राखणीला थांबतात. पिल्लं निघाली की तांबूस-नारिंगी रंगाचा एक पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरताना दिसतो. तो पुंजका एकदम खाली दबतो, क्षणभराने थोडा पुढे पुन्हा वर येतो, आणि त्याच्या खाली बोटभर अंतरावर मोठ्या मरळीची काळी पाठ हलते. कोणी हात घातला तर मरळ अंगावर धावून येते. हे सगळं गुडघाभर पाण्यात आणि गवताच्या आडोशाला घडतं. पंधरा फूट खोल, उभ्या कडांच्या खड्ड्यात मरळ वाढेल कदाचित, पण तिथे ती अंडी कुठे घालणार?

मांगूर, शिंगी हे मासेही असेच चिखलाचे, वनस्पतींचे, उथळ पाण्याचे. देवधान याच काठावर उगवतं. ते कोणी पेरत नाही, त्यात बैलाचे कष्ट नाहीत, म्हणून उपासाला चालतं. सारस पक्ष्याचं घरटंही असंच उथळ पाण्यात किंवा लगतच्या धानाच्या बांधीत असतं. गवत आणि वनस्पतींचा मोठा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घातलेली. लव्हाळ्याचे कंद सारस चोचीने उकरून खातो. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यापुरता उरला आहे, आणि त्याच्या घटत्या संख्येची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्वतःहून दखल घेतली. सारस वाचवायचे फलक रस्त्याकडेला लागतात, आणि त्याच उन्हाळ्यात तो जिथे चरतो तो काठ खोदून निघतो. दोन्ही कामं सरकारीच. ती करणारी टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता थोडा इतिहास. तुमच्यापैकी बरेच जण बदलीवर बाहेरून आलेले असता, आणि तलावाच्या फाईलमध्ये हा भाग नसतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. आपली जमीन पश्चिम विदर्भासारखी काळ्या पाषाणाची नाही. खाली जुना, कठीण, स्फटिकी खडक आहे. पाऊस चांगला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो, आणि हा खडक पोटात फार पाणी धरून ठेवत नाही. वर मात्र जमीन हलक्या चढ-उतारांची आहे. पाणी जमिनीच्या वरच अडवायचं, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी ही जमीन नीट ओळखली होती. गोंड राजवटीत हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजाने जाहीर केलं होतं की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल, अशी कथा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आणि बांधणारे म्हणून नाव येतं ते कोहळी समाजाचं. नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. डोंगरांच्या रांगांमधल्या खिंडी अडवल्या आणि जुन्या गॅझेटिअरने सतरा मैल घेराचा म्हणून नोंदवलेला जलाशय उभा राहिला. बाकीचा काठ डोंगरांनीच आखलेला आहे, म्हणून त्याला इतक्या वळणदार बगला आहेत. कोलू पाटलांना लोकांनी पुढे देव केलं. कोलासुर म्हणून आजही त्यांची पूजा होते. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा हा मुलूख आहे, हे काम हाती घेताना तुमच्या ध्यानात असावं.

हा इतिहास सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्यांना, जमिनीचे मालकी हक्क दिले, आणि पाळीवर माती टाकायला दरवर्षी जी माणसं जात त्यातली कितीतरी बिनमजुरीच्या वेठीने जात. मासेमार ढिवर, गोंड, महार समाजातल्या माणसांच्या घामाला त्या काळात मोल नव्हतं. ते दिवस गेले हे फार चांगलं झालं. पण वेठीबरोबर देखभालही गेली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951 मध्ये तलाव शासनाकडे आले. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, 1956 मध्ये मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदांकडे गेले. इतक्या हातांतून फिरताना दरवर्षी पाळीच्या भेगा बुजवण्याची, नहरी साफ करण्याची गावाची जबाबदारी कोणाच्याच गळ्यात राहिली नाही. सरकारला वाटलं गाव करेल, गावाला वाटलं तलाव आता सरकारचा. तलाव बिघडायला लागले ते इथून. गाळ त्या बिघाडाचा एक भाग आहे, सगळा बिघाड नव्हे.

बांधणाऱ्यांनी तलावाला जी अंगं दिली होती ती बघा. पाळीत तुडूम असतो, म्हणजे पाणी सोडायची बांधीव जागा, एकाखाली एक भोकं असलेली. पाणी खाली जाईल तसं खालचं भोक उघडायचं. त्यामुळे आधी वरचं, कोमट झालेलं पाणी शेतात जातं आणि दाबही आवाक्यात राहतो. एका टोकाला सलंग असते. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिच्यावरून निघतं आणि बहुतेक ठिकाणी ते खालच्या गावाच्या तलावाला जातं. म्हणजे तलाव एकेकटे नाहीत, उतारावर एकाखाली एक बसवलेले आहेत. वरच्या तलावाची सलंग कोणी फोडली तर तो तलाव अर्धाच भरतो. कोणी उंच केली तर मागच्या माणसाचं शेत बुडतं आणि खालचा तलाव कोरडा राहतो. तलावाच्या बुडीत क्षेत्रात अतिक्रमण करून धान लावणारे लोक रात्री सलंगीचे दगड काढतात, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात मी आजवर सलंगीची पातळी मोजून लिहिलेली पाहिली नाही. खरं तर तलावात किती पाणी थांबणार ते तीच पातळी ठरवते.

आमच्या गावात काय झालं ते सांगतो. यंत्रणेचं नाव घेत नाही, कारण दोष एका माणसाचा नाही, कामाच्या पद्धतीचा आहे. ठेकेदाराला पैसे घनमीटरवर मिळतात. घनमीटर सोप्या जागेतून निघतात. सोपी जागा म्हणजे जिथे उन्हाळ्यात पाणी नसतं, ट्रॅक्टर उतरतो आणि माती मऊ असते. तीच नाल्याच्या मुखाजवळची, टेकडीच्या आडोशाची उथळ बाजू. पाळीजवळ, जिथे खरंच गाळ साचला होता आणि तुडूमाचं खालचं तोंड बुजलं होतं, तिथे चिखल ओला होता म्हणून मशीन गेली नाही. मागच्या बाजूला मोठाले चौकोनी खड्डे पडले. वरची काळी चिकण माती शेतकऱ्यांनी आनंदाने नेली, मीही दोन-चार ट्रॉल्या टाकल्या, धानाला चांगलीच लागली. पण खोदणं तिथे थांबलं नाही. चिकण माती संपून खाली मुरूम लागला तरी बकेट चालूच राहिली. तो मुरूम कोणाच्या शेतात गेला नाही, तो रस्त्याच्या भरावाला गेला.

तलावाच्या तळाची चिकण माती शेकडो पावसाळ्यांत बसलेली असते आणि तीच पाणी धरते. ती काढून मुरूम उघडा पडला की पाणी जिरायला लागतं. विहिरीजवळ जिरलं तर ठीक, पण आमचा तलाव सिंचनाचा आहे. आम्हाला पाणी वर हवं आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भारी धान निसवायला येतो आणि पाऊस दडी मारतो तेव्हा. त्या वेळचं एक पाणी मिळालं तर पीक हाती येतं, नाही मिळालं तर लोंबी पोचट राहते. मामा तलाव याच एका पाण्यासाठी बांधले गेले. शिवाय खड्ड्यातलं पाणी तुडूमाच्या सर्वांत खालच्या भोकाच्याही खाली असतं. ते नहरीला कधीच येत नाही. अंदाजपत्रकात ते ‘वाढलेली साठवण क्षमता’ म्हणून मोजलं गेलं आहे, पण माझ्या बांधीला त्यातला एक थेंब मिळू शकत नाही. पंप लावून उपसणारा एखादा सोडला तर कोणालाच मिळत नाही.

आणि जनावरं. पूर्वी म्हशी चालत उतरायच्या, पोळ्याला बैल धुवायला अख्खं गाव त्या उताराने पाण्यात जायचं. आता काठ उभा आहे. बैल कडेला थबकतो, पुढचा पाय टाकून मागे घेतो. पोरांना आम्ही तिकडे जाऊ देत नाही, कारण वरून पाणी सपाट दिसतं आणि खाली कुठे एकदम खोल जाईल ते कळत नाही.

काम सुरू होण्याआधी गावातले एक म्हातारे ढिवर पाहणीला आलेल्या साहेबांना म्हणाले होते, “सायेब, पानी येते कोटून ते पाहा आधी, मंग खोदा.” कोणी लिहून घेतलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. जंगलातून येणाऱ्या नाल्यावर मध्येच रस्ता झाला, त्याखाली टाकलेला पाईप लहान आहे, आणि पुढे दोन शेतांनी नाला वळवून घेतला आहे. तलावात यायचं पाणी दुसरीकडेच चाललं आहे. येवा, म्हणजे तलावात पाणी येण्याची वाट, मोकळा केला असता तर खोदायची गरज निम्मी झाली असती, असं माझं ठाम मत आहे.

ढिवरांबद्दल आणखी थोडं लिहितो, कारण तलावाचं सर्वांत बारीक ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि सर्वांत कमी विचारलं जातं तेही त्यांनाच. मासेमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, त्यात कतला, रोहू, मृगळचं बीज सोडतात, कारण योजना त्याच माशांच्या आहेत. गवत्या मासा सोडला की तो वनस्पती फस्त करतो आणि मरळ-शिंगीचा आसरा जातो. काठावर बेशरम ही झुडपी वनस्पती माजली आहे. जनावर तिला तोंड लावत नाही आणि ती दुसरं काही उगवू देत नाही. अशा परिस्थितीत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेसोबत गोंदिया-भंडाऱ्यातल्या ढिवर बायका-पुरुषांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी बेशरम मुळापासून उपटली, उन्हाळ्यात तलावाचा उथळ भाग नांगरला, दुसऱ्या चांगल्या तलावातून स्थानिक पाणवनस्पती आणून पावसाच्या तोंडावर चिखलात लावल्या. बायका धानाची रोवणी करतात तशाच ओळीने वाकून पाण्यातलं गवत रोवत होत्या. त्या कामाला जेसीबी लागला नाही. आणि जिथे हे काम टिकलं तिथे देशी मासे परतले. तलाव दुरुस्तीचं हे तंत्र आपल्याच जिल्ह्यात तयार झालेलं आहे. ते अंदाजपत्रकाच्या दरसूचीत का बसू नये?

तांत्रिक मंजुरी देणाऱ्यांना माझी विनंती आहे की खोलीकरणाचा नकाशा काढताना तलावाचे दोन भाग करा. पाळीपासून तुडूमाच्या तळपातळीपर्यंतचा खोल भाग एक. तिथला गाळ जरूर काढा, दरवर्षी थोडा थोडा काढा, शेतकरी स्वतःच्या खर्चाने नेतील. दुसरा भाग नाल्याच्या मुखाचा आणि मागच्या काठाचा. त्याला हात लावू नका, फक्त बेशरम काढा. चिकण मातीचा थर किती जाड आहे ते आधी दोन-चार ठिकाणी हातभर खड्डे घेऊन तपासा आणि मुरूम लागण्याआधी थांबायची खोली कामाच्या आदेशात लिहा. देयक फक्त घनमीटरवर काढू नका. तुडूम चालू झाला का, सलंग मूळ पातळीला आली का, येवा मोकळा झाला का, नहरीच्या शेवटच्या शेतात पाणी पोचलं का, यावर काही पैसे राखून ठेवा आणि एका पावसाळ्यानंतर द्या.

ग्रामपंचायतींनाही माझं सांगणं आहे, कारण ठराव आपलाच असतो. ठराव घेण्याआधी ग्रामसभा पाळीवर भरवा, सभागृहात नको. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तलाठ्याकडून काढून वाचा. पाणी, चराई, वाटा, मासे यांच्या गावोगावच्या वहिवाटी त्यात सापडतात. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3 मध्ये जलाशयातले मासे आणि इतर उत्पादनं यांवरचे सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेले आहेत. जंगलालगतच्या आपल्या तलावांवर ढिवरांचे आणि आदिवासींचे दावे अजून कितीतरी ठिकाणी दाखलच झालेले नाहीत. ते आधी दाखल करा. एकदा हक्काची नोंद झाली की मशीन उतरवण्यापूर्वी त्या माणसांना विचारावं लागेल. आणि अतिक्रमणाचा विषय टाळू नका. ते आपलेच भाऊबंद असतात, मतं असतात, हे मला कळतं. पण त्यांच्या दोन बांध्यांसाठी सलंग फुटते आणि खालच्या सगळ्या गावाचा धान जातो.

आमच्या तलावाचं पुढचं काम यंदाच्या यादीत आहे, असं कळलं आहे. यावेळी त्यात नाल्याच्या मुखाचा उरलेला भाग धरलेला आहे. तो कोपरा अजून अर्धा शाबूत आहे. अंदाजपत्रकावर सही होण्याआधी आपल्यापैकी कोणी एकदा इकडे यावं. जंगलाच्या बाजूने या, नाल्याच्या काठाने चालत, म्हणजे पाईप दिसेल आणि वळवलेला नालाही दिसेल. मी सोबत येईन. ढिवर मोहल्ल्यातल्या दोन जणी आणि ते म्हातारेबुवाही यायला तयार आहेत. लेव्हलचं यंत्र आणलंत तर सलंगीची पातळी त्याच दिवशी घेता येईल.

आपला,
तलावाच्या नहरीवरचा एक शेतकरी,
जिल्हा गोंदिया